पाटी कधीही हातात घ्यावी

परवा आमच्या चिंचवडच्या बचत गटाच्या बैठकीत एक मैत्रीण हिरमुसली होऊन बसली होती. चाकणच्या एका कारखान्यात ती तयार सुटे भाग तपासते. वय अडतीस, शिक्षण दहावी. सीएनसी मशिनचे प्रोग्रॅम लिहायला शिकली तर वरची जागा मिळू शकेल, म्हणून संध्याकाळच्या क्लासला जायला लागली. या प्रोग्रॅमची भाषा म्हणजे जी-कोड. इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांच्या ओळीच ओळी. एक दशांश चिन्ह चुकलं तरी मशिनचं टूल भलतीकडेच जायचं! तीन आठवड्यांत तिनं हाय खाल्ली. आता या वयात डोक्यात काही शिरत नाही, असं म्हणून ती क्लास सोडायला निघाली होती.

मैत्रिणींनो, तेव्हा मला आठवल्या रमाबाई रानडे. २०१२ साली आलेल्या ‘उंच माझा झोका’ मालिकेमुळे त्या आपल्या घराघरांत पोचल्या. पण त्यांनी शिकताना केवढं सोसलं, ते पुन्हा एकदा आठवायला हवं.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरातला. मुलींना शिकवायचं नाही, अशी माहेरची रीत. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नी म्हणून पुण्यात आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लगेच त्यांना शिकवायला सुरुवात केली. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचलं नाही. टोमणे, अबोला, सगळं झालं. रमाबाई उलट बोलल्या नाहीत, आणि त्यांनी अभ्यासही सोडला नाही. दिवसभर घरकाम आणि रात्री पुस्तक, असं वर्षानुवर्षं चाललं. मराठीनंतर इंग्रजी आलं. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, ही मागणी गव्हर्नरांपुढे इंग्रजीत वाचून दाखवण्याइतकी त्यांनी मजल मारली. १८८४ मध्ये हुजूरपागा शाळा सुरू झाली. घरी कौतुक राहिलं बाजूला, बोलणीच खावी लागली!

मला सगळ्यात आवडते ती कलकत्त्याची हकिगत. १८८६ मध्ये सरकारी कामासाठी दोघं तिथे गेली. रानडे तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे, नामवंत न्यायाधीश. तरी त्यांनी बंगालीची पुस्तकं आणली आणि मुळाक्षरांपासून सुरुवात केली. दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाही ते शब्दांचे अर्थ विचारत. रमाबाईंना आधी हसू आलं. मग त्याही बंगाली वाचायला शिकल्या.

मोठ्या वयात मेंदू खरंच बदलतो का? २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्याच देशातला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायकाच, सरासरी वय तिशीचं, सहा महिने देवनागरी लिहायला-वाचायला शिकवलं. आधी आणि नंतर मेंदूच्या तपासण्या केल्या. नुसता वरचा थर नव्हे, तर मेंदूच्या खोलवरच्या भागांचं कामकाजही बदललेलं दिसलं. म्हणजे तिशीनंतरही मेंदू नव्या वाटा पाडतो. पायवाट कशी, रोज चालून चालून पडते, तसंच हे. चार दिवस कुणी फिरकलं नाही की गवत वाढायचंच.

पण नुसती जिद्द पुरते, असं म्हणणं खोटं होईल. रमाबाईंच्या पाठीशी नवरा उभा होता; सगळ्यांच्या नशिबी तसं कुठून येणार? हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. १९०१ मध्ये रानडे गेले. ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर वैधव्य आलं. काही काळ त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. मग येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या, इस्पितळात रुग्णांकडे जाऊ लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. शाळा हुकलेल्या मोठ्या बायका, विधवा, तिथे आल्या आणि पाटीपासून शिकल्या. कुणी शिक्षिका झाली, कुणी परिचारिका. त्या काळी परिचारिकेच्या कामाला लोक नाकं मुरडत, तरी रमाबाई मागे हटल्या नाहीत. १९२४ मध्ये त्या गेल्या, पण सेवासदनाचं काम पुढे चालू राहिलं. स्वतःला जो आधार मिळाला, तो त्यांनी इतरजणींसाठी उभा केला.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं, आणि मग आम्ही कामाला लागलो. मैत्रिणीचा मुलगा संध्याकाळी कुणाकडे थांबेल ते ठरवलं. गटातल्या एकीची लेक डिप्लोमाला आहे. ती रविवारी दोन तास शिकवते. चौकटीच्या वहीत पेन्सिलनं टूलचा रस्ता आधी काढायचा, मग एकेक ओळ लिहायची. चुकलं की खोडून पुन्हा. ती वही म्हणजे आमच्या मैत्रिणीची पाटीच, बरं का!

वरची जागा मिळेल की नाही, अजून ठाऊक नाही. पण गेल्या रविवारी तिनं लिहिलेल्या अकरा ओळी एकही चूक न होता चालल्या. तुमच्या शेजारी अशी कुणी पाटी खाली ठेवायला निघाली असेल, तर तिला नुसता धीर देऊ नका. तिच्या दिवसातला एक तास मोकळा करून द्या.