चिपळूणचा दाताचा डॉक्टर, ज्याच्या नावावर हाऊसफुल्लचे बोर्ड लागायचे : डॉ. काशिनाथ घाणेकर

पोफळी (ता. चिपळूण) : १९६२ साली पोफळीच्या वीजघरात कोयनेची वीज तयार व्हायला लागली. त्याच वर्षी आपल्याच तालुक्याच्या एका माणसाने मराठी रंगभूमीवर करंट आणला. त्यांचं नाव डॉ. काशिनाथ घाणेकर.

१४ सप्टेंबर १९३० रोजी चिपळूणमध्ये त्यांचा जन्म झाला. शिकून ते मुंबईत दंतवैद्य झाले. धंदा दाताचा, पण जीव अडकला नाटकात. सुरुवातीला पडद्याआडून नटांना वाक्यं पुरवायचं प्रॉम्प्टरचं काम त्यांनी केलं. मग वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आलं. मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज आणि घाणेकर संभाजीराजे. प्रॉम्प्टर एकदम हिरो झाला.

त्यानंतर ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या आला. प्रभाकर पणशीकरांसारखा कसलेला नट समोर असूनही लाल्या आला की थिएटरात शिट्ट्या आणि टाळ्या सुरू. नाटकाला शिट्टी वाजते, हे अनेकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. जाहिरातीत सगळ्या नटांची नावं झाली की शेवटी ‘आणि’ लिहून डॉ. काशिनाथ घाणेकर हे नाव यायचं. त्या एका नावावर तिकीट खपायचं. ‘गारंबीचा बापू’मध्ये तर त्यांनी आपल्या कोकणातलाच बापू उभा केला. ‘पाठलाग’, ‘मधुचंद्र’ हे सिनेमेही गाजले. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं गोमूचं गाणं आजही गावोगावच्या कार्यक्रमात वाजतं.

घारे डोळे, ऐटबाज कपडे, राजासारखी चाल. पैसा आला तसा खर्चही झाला. पण या झगमगाटाची दुसरी बाजूही होती. दारू सुटली नाही. तिचा त्रास प्रयोगांना झाला, सोबतच्या कलाकारांना झाला आणि घरच्यांनाही सोसावा लागला. डॉ. इरावती यांच्याशी झालेला पहिला संसार मोडला. पुढे अभिनेत्री सुलोचनादीदींच्या कन्या कांचन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. कांचनताईंनी ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात हे सगळं, कडूगोड दोन्ही, लिहून ठेवलंय.

२ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावतीत त्यांचं निधन झालं. वय फक्त ५५. नटाचं हे काही जायचं वय नव्हे.

ठाण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह उभं आहे. २०१८ साली त्यांच्यावर सिनेमा आला, सुबोध भावेंनी काम केलं आणि नव्या पोरांनाही लाल्या कळला. आपल्याकडे शिमगा-गणपतीत गावोगावी नाटक बसतं. त्यात पडद्याआड वाक्यं पुरवणारा एखादा पोरगा असतोच. त्याने घाणेकरांची जिद्द जरूर घ्यावी, बाटली मात्र लांब ठेवावी.