घराघरातले चित्रकार दलाल

दिवाळी अंक हाती पडला की मजकुराआधी मुखपृष्ठ डोळे भरून पाहायचे, ही सवय मराठी घरांना ज्यांनी लावली, त्यांत दीनानाथ दलाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९१६ मध्ये गोव्यात मडगावला जन्मलेले दलाल मुंबईत आले आणि पुस्तके, मासिके, कॅलेंडरे यांसाठी अखेरपर्यंत चित्रे काढत राहिले.

अशा कामाकडे तेव्हा ‘कमर्शियल’ म्हणून जरा खालच्या नजरेनेच पाहिले जाई. भिंतीवर चौकटीत लागते ती कला, अंकावर छापले जाते ते पोटापाण्याचे काम, असा समज होता. शिवाय छपाईची बंधने होतीच. प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा, नाजूक छटा कागदावर बुजण्याची धास्ती, आणि अंकाच्या नावासाठी जागा राखायची ती वेगळीच. या चौकटीत राहूनही दलालांनी रंगांचा गोडवा आणि रेषेचा डौल सांभाळला. १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. चित्रकारच संपादक झाल्यामुळे तिथे चित्राला साहित्याच्या बरोबरीचा मान मिळाला. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तील त्यांच्या चित्रांतून कित्येकांनी शिवकाल पाहिला.

१९७१ मध्ये, वयाची ५५ वर्षे पुरी होण्याआधीच ते गेले. ज्यांनी आयुष्यात कधी चित्रप्रदर्शनाची पायरी चढली नाही, अशा घरांतही त्यांची चित्रे पोहोचली होती. त्यांतली बरीचशी पुढे रद्दीबरोबर गेली. तेव्हा माळ्यावरचा जुना गठ्ठा रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उलगडा आणि मुखपृष्ठावर दलालांची सही दिसते का, तेवढे पाहा.