आकड्यांवरची हुकमत आणि जॉर्ज ऑर्वेल

हुकूमशाही म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम तुरुंग आणि बंदुका उभ्या राहतात. जॉर्ज ऑर्वेलने मात्र ‘१९८४’ या कादंबरीच्या नायकाला एका सरकारी कचेरीत बसविले. जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर व आकडे सरकारच्या ताज्या घोषणेशी जुळतील असे बदलणे, हे त्याचे काम. ही कचेरी निव्वळ कल्पनेतून उतरलेली नव्हती. तिचा पाया लेखकाच्या आयुष्यातच होता.

त्याचे खरे नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारीचा; वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. बालपण इंग्लंडात गेले. १९२२ साली तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला आणि साम्राज्यसत्तेचे खरे रूप जवळून पाहिल्यावर १९२७ साली त्याने ती नोकरी सोडली. स्पेनच्या यादवी युद्धात तो फ्रँकोविरुद्ध लढला. मे १९३७ मध्ये गोळी गळ्यातून आरपार गेली, तरी तो बचावला. ज्या मार्क्सवादी पक्षाच्या पथकात तो होता, त्या पक्षालाच पुढे कम्युनिस्टांनी फॅसिस्टांचे हस्तक ठरविले. त्याने स्वतः पाहिलेल्या घटना इंग्लंडातील पत्रांत ओळखू येणार नाहीत अशा स्वरूपात छापून आल्या. हा घाव गोळीपेक्षा खोल गेला.

१९४१ ते १९४३ या काळात तो बीबीसीच्या भारतविषयक विभागात होता. भारतीय भाषांतून प्रक्षेपित होणारी युद्धवार्तापत्रे तो लिहीत असे. त्यांत मराठीही होती आणि त्याच्या सहकाऱ्यांत लेखिका वेणू चितळे होत्या. प्रत्येक मजकूर सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. पत्नी आयलीन हीदेखील युद्धकाळात प्रथम सेन्सॉर खात्यात व नंतर अन्न मंत्रालयात नोकरीस होती.

क्षयाने जर्जर झालेल्या ऑर्वेलने स्कॉटलंडच्या जुरा बेटावर ही कादंबरी पुरी केली. तीतील चॉकलेटचा प्रसंग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानी ठेवावा. आठवड्याचे रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येणार असे जाहीर होते. दुसऱ्याच दिवशी ते २० ग्रॅमपर्यंत वाढविल्याबद्दल लोकांनी निदर्शने करून आभार मानल्याचे वृत्त येते. आधीचा आकडा नोंदीत उरलेलाच नसतो. पोटाला तूट जाणवते. पण ती सिद्ध करण्याचे साधन नागरिकापाशी राहत नाही.

कादंबरी जून १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जानेवारी १९५० मध्ये, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, ऑर्वेल निवर्तला. त्याचे स्वतःचे वर्तनही सर्वस्वी निर्दोष नव्हते. १९४९ मध्येच ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या गुप्त प्रचार विभागाला त्याने कम्युनिस्टांविषयी सहानुभूती असल्याचा संशय असलेल्या व्यक्तींची यादी दिली होती. प्रचारयंत्रणा आपल्या जाणत्या टीकाकारालाही कामाला लावू शकते, असाच याचा अर्थ.

शासन कोणत्याही पक्षाचे असो; महागाईचा, बेकारीचा, उपासमारीचा जुना आकडा नव्याशेजारी ठेवून पाहण्याची सोय सामान्य माणसाला असली पाहिजे. सांख्यिकी हा केवळ तज्ज्ञांचा विषय नव्हे, हे ऑर्वेलच्या आयुष्यावरून आपण शिकावयास हवे.