डेव्हिड वेक्सलर : प्रौढांच्या बुद्धिमापनाचे शिल्पकार

प्रौढांच्या बुद्धिमापनाला नवी दिशा देणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांचा जन्म १२ जानेवारी १८९६ रोजी रुमानियातील लेस्पेझी येथे झाला. बालपणीच ते कुटुंबासह न्यूयॉर्कला आले. पहिल्या महायुद्धात टेक्सासमधील लष्करी तळावर चाचण्या घेताना त्यांना एक विसंगती जाणवली. रोजगार आणि संसार नीट सांभाळणारी माणसे चाचणीत मात्र मंदबुद्धी ठरत होती.

१९३२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात मुख्य मानसशास्त्रज्ञ झाले आणि १९३९ मध्ये त्यांनी वेक्सलर-बेलव्ह्यू चाचणी प्रसिद्ध केली. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची प्रचलित रीत प्रौढांना गैरलागू होती. वय वाढत राहते, गुण त्या प्रमाणात वाढत नाहीत. वेक्सलर यांनी प्रत्येकाची तुलना समवयस्कांशी केली. त्यांच्या मापनात सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असल्याने सुमारे दोन-तृतीयांश व्यक्ती ८५ ते ११५ या टप्प्यात येतात. शाब्दिक व कृतिप्रधान गुणही त्यांनी स्वतंत्रपणे मांडले. १९५५ मध्ये त्यांची प्रौढांसाठीची नवी चाचणी आली.

चिकाटी, प्रेरणा आणि भावना यांचा विचार न करता केवळ गुणांकावरून माणसाची पारख करू नये, हा आग्रह त्यांनी कायम धरला. २ मे १९८१ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.