डार्विनची शेवटची सोबत: गांडुळे

सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करायला लावून गांडूळखताचा खड्डा सांभाळणारी मंडळी ओपीडीत भेटली, की हमखास विचारतात, गांडुळांना काय चालते आणि काय चालत नाही? हा प्रश्न नेटाने तपासला तो चार्ल्स डार्विनने.

डार्विन खरे तर आमच्या व्यवसायात यायचा. वडील आणि आजोबा डॉक्टर. १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याला वैद्यक शिकायला एडिंबरोला धाडले. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया पाहताना तो अर्ध्यातून निघून गेला आणि पुढे वैद्यकही सोडले. बीगल जहाजावरची पाच वर्षे सर्वांना ठाऊक आहेतच.

परतल्यावर मामाने त्याला एक कुरण दाखवले. तिथे काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना आणि कोळशाची राख आता जमिनीखाली काही इंचांवर सापडत होती. हे गांडुळांचे काम, असा मामाचा कयास. त्यावर डार्विनने १८३७ मध्ये निबंध वाचला. एवढासा दुबळा जीव इतके काम कसे करील, अशी शंका १८६९ मध्येही घेतली जात होती. डार्विनला घाई नव्हती. १८४२ मध्ये त्याने डाउन गावातल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षे थांबून १८७१ मध्ये चर खणला. खडू सात इंच खाली गेला होता.

मधल्या काळात उलट्या, धडधड, थकवा यांनी त्याला बेजार केले. निदानावर आम्हा डॉक्टरांचे आजही एकमत नाही. सत्तरीकडे झुकलेला हा आजारी माणूस अभ्यासिकेत मातीच्या कुंड्यांत गांडुळे पाळून रात्री त्यांच्याकडे पाहत बसे. मुलाने बसून वाजवले, पत्नीने पियानो, गांडुळे ढिम्म. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडला, की कंपनाने ती बिळात पळत. कागदाचे ३०३ त्रिकोण त्यांनी ओढून नेले, त्यांपैकी ६२ टक्के टोकाकडून धरून. याला तो बुद्धीची चुणूक मानत असे.

आता खाण्याचे. कोबी, गाजर, कांदा त्यांनी आवडीने खाल्ला. पुदिन्याला जेमतेम तोंड लावले. कच्चे मांस आणि चरबीही सोडली नाही. खड्ड्यात मात्र मांस-मासळी टाकू नका. उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदरांमागोमाग लेप्टोचे रुग्ण आमच्या वॉर्डात येतात. शिवाय डार्विनची गांडुळे बागेतली, जमिनीत बिळे करणारी. खतासाठी आपण वापरतो ती सहसा पालापाचोळ्यात, शेणात वाढणारी वेगळी जात. प्लास्टिक दोघांनाही पचत नाही, हे आमच्या आवारातल्या खड्ड्यात आम्ही दोन पोती खत वाया घालवून शिकलो.

इंग्लंडात अनेक ठिकाणी दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, हा हिशेब मांडणारे पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये निघाले आणि हातोहात खपले. ते त्याचे शेवटचे. १९ एप्रिल १८८२ रोजी हृदयविकाराने तो गेला. डाउनच्या चर्चच्या आवारात, ओळखीच्या मातीत आपल्याला पुरतील, असे तो धरून चालला होता. मित्रांनी खटपट करून त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, फरसबंदीखाली नेले.