कर्मवीरांचे बोर्डिंग आणि सातारकरांचा हातभार

पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. तथापि ते आपल्याच जैन समाजात जन्मले, हे आजच्या तरुण पिढीस सांगावे लागते. दि. 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते.

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाने दार लावले, म्हणून त्यांनी समाजाचा द्वेष केला नाही. उलट, सर्वांना मोकळे असे घर उभारण्याचा निश्चय त्यांच्या मनात दृढ होत गेला. पुढे साताऱ्यात शिकवण्या, मग ओगले व किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीसाठी गावोगावची फिरती, असा त्यांचा चरितार्थ चालला. या फिरतीत खेड्यापाड्यांतील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. विक्रेत्याची पायपीट वाया जात नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांस वेगळे सांगावयास नको!

दि. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व 1924 मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील बोर्डिंगात मराठा, महार, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसत. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे मुले स्वतः करीत. दि. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधरास प्रथम प्रश्न पडतो तो हा, की एवढ्या मुलांच्या दोन वेळच्या भाकरीचा खर्च भागला कसा? प्रारंभी तो सौ. लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांतून भागला. माहेरच्या सोवळ्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे वाढविले. एक एक डाग मोडत गेला. एके दिवशी कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. 1930 मध्ये त्या निवर्तल्या. संस्थेचा वटवृक्ष पुरता बहरलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

परंतु एका घराचे सोने किती दिवस पुरणार? नंतर हा भार लोकांनी उचलला. बाया दळणास बसताना मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढीत. हाच तो मुष्टिफंड. ज्याच्यापाशी पैसा नाही, तो श्रम देई. अल्प वेतनावर उभे आयुष्य देणारे आजीव सेवक संस्थेस लाभले. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात सरकारी अनुदान थांबले, तेव्हाही लोकांची मदत आटली नाही. संत गाडगे महाराजांनी संस्थेची बाजू उचलून धरली व अनुदान पुन्हा सुरू झाले.

त्या काळी आपला धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता; ही चळवळ आपल्या वेशीबाहेरच राहिली. तरी दि. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा जात विचारण्यास कोणी थांबले नाही. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, ती सारी जैन नव्हती. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत स्वयंसेवक पुष्कळ घडविले. मात्र त्यांच्या सेवेचा लाभ मंदिराच्या आवाराबाहेर किती पोहोचला, याचा हिशेब या सुवर्णमहोत्सवी वर्षी विश्वस्त मंडळाने मांडावा, असे मला प्रांजळपणे वाटते. हा हिशेब ताळेबंदात दिसत नाही.

1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज व 1954 मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. श्रम करा आणि शिका, या मार्गाने गरिबांची मुले पदवीधर झाली. दि. 9 मे 1959 रोजी पुण्यात कर्मवीरांचे देहावसान झाले. शेजारच्या सोलापुरात रयतचे महिला महाविद्यालय आहे. त्यास लक्ष्मीबाईंचे नाव दिलेले आहे.