जिम कॉर्बेट : रानात न दिसण्याची विद्या

पेडण्याच्या एखाद्या सड्यावर किंवा डिचोलीतील कुळागराच्या कडेला भल्या पहाटे जाऊन उभे राहिले, की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. माणसाला रान दिसण्याच्या कितीतरी आधी रानाला माणूस दिसलेला असतो. सातभाई कलकलाट करतात, खार चिरक्या आवाजात ओरडते, मोर मान खाली घालून झुडपात शिरतो आणि घटकाभरासाठी सारे चिडीचूप होते. हिरव्या-तपकिरी डागांचे शिकारी कपडे आता बाजारात सर्रास मिळतात. ते अंगावर चढवले की माणूस रानात मिसळून जातो, असा अनेकांचा समज असतो. या समजाची परीक्षा ज्यांनी आयुष्यभर, आणि तीही जिवावर उदार होऊन घेतली, त्या जिम कॉर्बेट यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. पण त्यांची विद्या बंदुकीपासून सुरू झाली नव्हती. तिचा मोठा पाठ त्यांनी गिरवला तो धनुष्यबाणावर.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट हे तेथील पोस्टमास्तर. घरात भावंडांचा मोठा गोतावळा होता. उन्हाळा नैनितालच्या थंडीत आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी गावात, असा कुटुंबाचा शिरस्ता होता. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १८८१ मध्ये, वडील वारले. पुढचे बालपण आई मेरी जेन आणि थोरला भाऊ टॉम यांच्या आधाराने गेले. कालाढुंगीच्या घरापलीकडे साल वृक्षांचे जंगल होते, ओढे होते, वाघ-बिबटे होते. शाळेतून सुटलेला हा मुलगा दिवसदिवस त्या जंगलात रमत असे.

लहानपणी न्यूमोनियाच्या दुखण्यातून उठताना टॉमने त्याला बेचकी आणून दिली. पुढे तिची जागा गलोलीने घेतली. ही गलोल म्हणजे बाणाऐवजी मातीचे खडे मारायचे धनुष्य. त्यानंतर आले खरे धनुष्य. त्या मुलखात धनुष्यबाणाने शिकार करणारे कोणी नव्हते. त्यामुळे शिकवणाराही कोणी नव्हता. जिमने खटपट करून, चुकत-माकत, स्वतःच एक धनुष्य तयार केले. सोबत बाण दोनच घेतले आणि त्यांच्या टोकांना अणकुचीदार खिळे बसवले. एवढ्या सामग्रीवर मोठे सावज पडेल, असा भ्रम त्या पोराला नव्हता. पण या हत्याराची एक अट त्याला उमगली. बाण लागायचा असेल तर सावजाच्या अगदी जवळ जावे लागते, आणि जवळ जायचे तर आधी नाहीसे व्हावे लागते.

धनुष्याने शिकार करणाऱ्याची खरी अडचण आजही हीच आहे. बंदूकवाला शंभर-दोनशे पावलांवरून नेम धरू शकतो. धनुर्धाऱ्याला वीस-तीस पावलांच्या आत पोहोचावे लागते, आणि तेथे पोहोचल्यावर धनुष्य ताणण्यासाठी हात हलवावाच लागतो. ही हालचाल लपवणारे कापड अजून कोणी विणलेले नाही. म्हणूनच जिमची पहिली निवड कपड्याच्या रंगाची नव्हती, पायांची होती. त्या काळी पातळ रबरी तळव्याचे बूट मिळत नसत. कडक चामड्याचे बूट घालायचे किंवा अनवाणी जायचे, हे दोनच पर्याय होते. चामड्याचा बूट वाळक्या पाचोळ्यावर वाजतो आणि झाडावर चढताना घसरतो. जिमने बूट घरी ठेवले. पायांना काटे बोचले, पण जमीन कळू लागली. कोणते पान चुरचुरते, कोणते दबते, कोणती काटकी मोडेल, हे तळव्यांना समजू लागले. त्या दोन बाणांनी फारसे काही साधले नाही. पण कोणता पक्षी कशाला घाबरून ओरडतो, वानराची हाक केव्हा खरी मानावी, हे सारे याच दिवसांत त्याच्या अंगी मुरले.

आठव्या वर्षी हाती आलेली जुनी ठासणीची बंदूक आणि पुढच्या रायफली या नंतरच्या गोष्टी. शाळा संपल्यावर कॉर्बेट रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि बिहारमध्ये गंगाकाठच्या मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचे कंत्राट त्यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळले. तेथून रजा काढून ते कुमाऊंत येत. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. पुढे पनारचा बिबटा, चौगडची वाघीण, रुद्रप्रयागचा बिबटा अशी ही मालिका तीन दशके चालली. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात नोंदीनुसार १२५ माणसे मारली होती. बद्रीनाथ-केदारनाथच्या यात्रेकरूंची वाट त्याच्या दहशतीखाली होती. २ मे १९२६ च्या रात्री गोलाबराई येथे कॉर्बेट यांनी त्याला टिपले. त्यासाठी वाटेवरच्या एका आंब्यावर ते ओळीने रात्रीमागून रात्री बसले होते.

या काळातील त्यांचा वेश अगदी साधा होता. खाकी सदरा, खाकी अर्धी विजार आणि आता मिळू लागलेले पातळ रबरी तळव्याचे बूट. खाकी हा शब्दच खाक म्हणजे धूळ या फारसी शब्दावरून आलेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वायव्य सरहद्दीवरील पलटणींनी पांढरे आणि लाल गणवेश टाकून मातकट कापड वापरायला सुरुवात केली. लाल डगला दुरून दिसतो आणि गोळी ओढवून घेतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. शिकाऱ्यांनीही तोच रंग उचलला. वाळके गवत, कातळ आणि पाचोळा यांत तो सहज मुरतो. पेडण्याच्या सड्यावर डिसेंबरनंतर जो रंग पसरतो, तोही याच जातीचा.

जनावरांच्या दृष्टीविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे, ते कॉर्बेट यांच्या काळी नव्हते. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या. त्यामुळे तांबडा-नारिंगी आणि हिरवा यांतला भेद त्यांना नीट कळत नाही. माणसाला झळझळीत नारिंगी दिसणारा वाघ चितळाच्या नजरेत झाडोऱ्याच्या रंगात मिसळून जातो. निळा रंग मात्र हरणांना चांगला दिसतो. रानात जाताना निळी जीन्स घालणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांची रंगदृष्टी माणसापेक्षाही संपन्न असते. मोराला फसवील असा रंग शोधणे कठीणच. रंगापेक्षा महत्त्वाची ठरते ती माणसाची आकृती. सलग एका रंगाचा उभा पुतळा लगेच ओळखू येतो. डागांचे, पट्ट्यांचे कापड ही आकृती मोडते. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके हेच काम करतात. पण मोडलेली आकृतीही हलली, की डोळ्यांना सापडते.

कॉर्बेट यांना हे पुस्तकातून नव्हे, तर समोर मृत्यू उभा असताना कळले होते. ११ एप्रिल १९३० रोजी चौगडच्या वाघिणीच्या मागावर ते एका ओढ्यात उतरले होते. वाटेत त्यांना रातव्याची दोन अंडी सापडली होती आणि ती फुटू नयेत म्हणून त्यांनी डाव्या हातात धरली होती. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्यांनी उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, तो आठ फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली. रायफल उजव्या हातात, छातीवर आडवी, आणि तिचे तोंड भलत्याच दिशेला. झटका देऊन ती वळवली असती तर वाघिणीने त्याच क्षणी झेप घेतली असती. त्यांनी एका हाताने रायफल इतकी सावकाश फिरवली, की वाघिणीला हालचाल जाणवली नाही. तीन चतुर्थांश वर्तुळ पुरे झाले आणि मग गोळी सुटली. त्या क्षणी त्यांच्या अंगावर कोणते कापड होते, याला काहीच महत्त्व नव्हते. ते वाघिणीच्या डोळ्यांसमोर उघडे होते. त्यांना वाचवले ते संथपणाने. अंडी त्यांनी पुन्हा घरट्याच्या जागी नेऊन ठेवली.

नरभक्षकाच्या बाबतीत लपण्याची रीत उलटी करावी लागते, हेही त्यांनी अजमावून पाहिले. नरभक्षक वाघ गवत कापणाऱ्या, पाला तोडणाऱ्या बायकांवर झडप घालतो. म्हणून कॉर्बेट यांनी अनेकदा साडी नेसून, हाती विळा किंवा कुऱ्हाड घेऊन गवत कापण्याचे, पाला तोडण्याचे सोंग केले. येथे वेश झाडोऱ्यात मिसळण्यासाठी नव्हता, सावज म्हणून दिसण्यासाठी होता. वाघ दोनदा फसले, जवळही आले. पण एकदा शिळेच्या आणि एकदा आडव्या पडलेल्या झाडाच्या आड राहून त्यांनी नेम धरण्याची संधीच दिली नाही. ही युक्ती एकदाही सफल झाली नाही.

वाऱ्याचेही असेच. हरणे, रानडुकरे, गवे यांचे नाक तिखट असते. त्यांच्या बाबतीत वारा पाठीमागून वाहत असेल तर उत्तम कपडाही व्यर्थ. वाघाच्या घ्राणशक्तीवर कॉर्बेट यांचा विश्वास नव्हता. पण त्यांनी त्याहून पुढचा विचार केला. माणसाला वास येत नाही, हे वाघाला ठाऊक नसते. त्यामुळे तो माणसाकडेही इतर सावजाप्रमाणेच वाऱ्याच्या उलट दिशेने येतो, किंवा वारा जिकडे जातो त्या बाजूला दबा धरतो. एवढे हेरले की धोका कोणत्या बाजूने येणार हे कळते. कॉर्बेट वाऱ्याचा कल पाहून नागमोडी चालत आणि संशयाची जागा कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवत. समोरचा जीव काय पाहतो, काय हुंगतो आणि काय समजतो, याचा हा हिशेब होता.

ही विद्या पुढे सैन्याच्या कामी आली. पहिल्या महायुद्धात कॉर्बेट कुमाऊंच्या पाचशे माणसांची तुकडी घेऊन फ्रान्सला गेले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याने छिंदवाडा येथे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात राहण्याचे शिक्षण दिले. ब्रह्मदेशाच्या दाट हिरव्या अरण्यात कोरड्या मुलखाची खाकी उठून दिसे, म्हणून तेथे लढणाऱ्या फौजांनी हिरवा गणवेश स्वीकारला. एका रानात लपवणारा कपडा दुसऱ्या रानात चुगली करतो. पावसाळ्यातली डिचोली आणि मार्चमधली डिचोली यांनाही हा नियम लागू आहे.

याच सुमारास, १९४४ मध्ये, कुमाऊंच्या नरभक्षकांवरील त्यांचे पहिले प्रसिद्ध पुस्तक मुंबईत छापले गेले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. पण तोवर त्यांच्या हातातले हत्यार बदललेले होते. नरभक्षक वगळता वाघ मारण्यात त्यांना रस उरला नव्हता. चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन ते जंगलात बसू लागले. कॅमेऱ्याला धनुष्याप्रमाणेच जवळीक लागते आणि त्याच्या यंत्राची घरघर वाघाला लगेच ऐकू जाते. कॉर्बेट यांनी एका ओढ्याला बांध घालून लहानसा धबधबा तयार केला आणि पाण्याच्या आवाजात ती घरघर बुडवली. चार महिन्यांच्या चिकाटीनंतर सात वाघ त्यांच्या पडद्यावर आले. १९३६ मध्ये भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचाही आग्रह होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियातील न्येरी येथे गेले. १९५३ मध्ये त्यांनी आपल्या बालपणीच्या जंगलाची आणि त्या धनुष्यबाणाची हकिकत लिहून काढली. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही तेथूनच झाला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या जनावरांची शिकार हा गुन्हा ठरवला आहे, मग ती बंदुकीने असो, फाशाने असो वा बाणाने. पेडणे आणि डिचोलीतील शेतकऱ्याला रानडुकरे, गवे आणि माकडे यांचा होणारा उपद्रव खरा आहे, आणि त्याची भरपाई हा सरकारदरबारी मांडण्याचा प्रश्न आहे. रात्री बॅटरीच्या झोतात डोळे दिपवून केलेल्या शिकारीला मात्र कॉर्बेट यांच्या विद्येतले काहीच लागत नाही. तेथे पाचोळा ऐकावा लागत नाही, वारा पाहावा लागत नाही, स्थिर बसावे लागत नाही. ज्याला रान खरोखर जवळून पाहायचे असेल, त्याला ही विद्या आजही मोकळी आहे. मातकट रंगाचा, न सळसळणारा सुती सदरा आणि मऊ तळव्याचे बूट एवढ्यावर सुरुवात होते. मग काजूच्या भाटाच्या कडेला, वारा समोरून येईल असे, झाडाला पाठ टेकून बसायचे. अर्ध्या तासाने सातभाई गप्प होतात. त्यानंतर मोर पुन्हा बाहेर येतो.